ताठ बोट आणि डिकीची गाडी

माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकत नाही. पाच वर्षांपूर्वी एका जीपच्या काचेवर मी ते मोडून घेतलं. काचेवर साधा ओरखडासुद्धा उठला नाही.

मी शेळ्यांचा व्यापारी. सायकलच्या कॅरियरला दोन करडं बांधून पहिला बाजार केला, आज माझे दोन पिकअप चालतात. मला कुणी काही दिलेलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून, भांडून, आणि वेळ पडली तर कॉलर धरून मिळवलं. माझा हात आधी चालतो, तोंड नंतर. हे मी अभिमानानं लिहीत नाही, पण लपवतही नाही.

अकरा वर्षं माझा एक भागीदार होता. एका ताटात जेवलो, एका पिकअपमध्ये शेळ्यांच्या लेंड्यांच्या वासात झोपलो. मग ऐन बकरी ईदच्या तोंडावर तो माझी सगळी हैदराबादची गिऱ्हाइकं घेऊन वेगळा झाला. तेही मी गिळलं असतं. धंद्यात होतं तसं. पण पुढं आठवडी बाजारात जे झालं ते गिळता आलं नाही.

मी लिंबाखाली शेळ्या बांधल्या होत्या. तो नवी काळी जीप घेऊन आला. एवढी उंच, की आत बसलेला माणूस तुमच्या टाळूकडं बघून बोलतो.

"जनावरं सरकव. गाडी लावायचीय."

"तुज्या बापाचा बाजार हाय व्हय?"

त्यानं मागचा गिअर टाकला. शेळ्या बांधलेल्या होत्या, पळणार कुठं? एकीच्या कंबरेवरून चाक गेलं. दुसरी गाभण होती, तिचं पोट फुटलं. आतली दोन पिल्लं मातीत आली. त्यातलं एक थोडा वेळ हलत होतं. मी गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडावरचा चिकटा पुसत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला. त्यानं काच चार बोटं खाली केली होती.

"किती झाले, सांग."

मी उठलो, तोंड उघडलं. तोंडातून भाव येणार होता की शिवी, मला आजही सांगता येणार नाही. कारण माझा पहिला शब्द बाहेर पडायच्या आत त्यानं काच वर केली. आयुष्यभर मी बोलून पोट भरलं. समोरचा नाही म्हणतो, शिव्या देतो, उठून जातो, पण ऐकून घेतो. त्या दिवशी काळ्या काचेत मला माझंच उघडं तोंड दिसलं. त्या तोंडावरच मी बुक्की मारली.

हाड मोडलं. रागाच्या भरात दोन दिवस दवाखान्यात गेलो नाही. हाड जुळलं, सांधा गेला.

हे बोट जाणं म्हणजे काय, ते आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमचा सौदा रुमालाखाली होतो. दोघं हात मिळवतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. जितकी बोटं दाबली तितके हजार. बाजूला गर्दी असली तरी आकडा दोघांतच राहतो. आता मी समोरच्याची तीन बोटं दाबली तरी माझं हे ताठ बोट मधेच त्याच्या तळव्यात रुततं, आणि त्याला चार वाटतात. वाटतात म्हणजे काय, वाटून घेतात. "शेठ, तुमीच चार दाबली की!" वर हसतात. शेवटी मला भाव तोंडानं, चारचौघांत सांगायची वेळ आली. ज्याचा भाव सगळ्यांनी ऐकला, त्या व्यापाऱ्याच्या हातात काय राहतं?

म्हणून त्या माणसावरचा राग माझ्या डोक्यात नव्हता. तो या बोटात होता. रोज बाजारात, रोज रुमालाखाली.

गेल्या वर्षी थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली. सातवा सरून आठवा लागला होता. आमचं गाव ढोकीकडं, दवाखाना धाराशिवला. पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून ती तपासणीला गेली, तर डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "पुन्हा हिला असल्या गाडीत आणलंत तर मी तपासणार नाही." तेव्हा गाडी घ्यायचं ठरलं.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. डिकीची गाडी घ्यायची. बसायला खाली, चढ-उतार नाही, मागं लेक आडवी होऊ शकते, डिकीत सामान मावतं.

माझ्या डोळ्यांत दुसरीच गाडी होती. तुळजापूर रस्त्यावर एक चाचा जुन्या गाड्या विकतात. ते पूर्वी बैलबाजारात दलाल होते, मला सायकलपासून ओळखतात. त्यांच्याकडं एक लाल गाडी आली होती. टर्बो इंजिन, रुंद टायर, पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची. दोन महिने मी काही ना काही निमित्त काढून तिथं जात होतो आणि बॉनेटवर हात फिरवून परत येत होतो.

खरं लिहितो. ती गाडी मला फिरायला नको होती. त्याला गाठायला हवी होती. हायवेवर त्यानं तीनदा हॉर्न दाबत माझ्या पिकअपला मागं टाकलं होतं, आणि पिकअप त्या जीपला कधीच गाठू शकत नव्हता. कुठल्या पुलाजवळ त्याला कठड्याकडं दाबायचं, ती जागासुद्धा मी हेरून ठेवली होती. सीटखाली टॉमी होती, चाकाचे नट खोलायची लोखंडी दांडी. चार वर्षांत तिनं मी एकही नट खोलला नव्हता.

बायकोला हे सांगावं लागलं नाही. ती एवढंच म्हणाली, "त्या लाल गाडीतून तुमी दवाखान्यात न्हाय, जेलात जाताल."

"तोंड बंद ठीव," मी म्हणालो, आणि हातातला तांब्या भिंतीवर फेकला. तिनं तो उचलला, पोचा आला का ते पाहिलं आणि जागेवर ठेवला.

पुढच्या तपासणीला मी भाड्याची गाडी केली. तपासणी झाल्यावर दोघींना घेऊन चाचांकडं गेलो. चाचांनी दोन्ही गाड्या काढल्या. लाल, आणि एका रिटायर मास्तरांनी वापरलेली करडी डिकीची.

"आधी लाल," मी म्हणालो. "बसा मागं. बसून तर बघा."

बायको जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली. लेक हसत होती, "पप्पा, हळू हं." मीही हसलो. पहिले दोन किलोमीटर मी खरंच हळू चालवली.

मग पेट्रोल पंपातून काळी जीप बाहेर पडली.

माझ्या पायानं मला विचारलं नाही. गाडी उडाली. मागं कुणी आहे हे मी विसरलो, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. मला आठवत होतं, पण काही वाटत नव्हतं. मी जीपच्या बरोबरीला आलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओळखलं. मग स्टिअरिंगवरचा एक हात काढला, मूठ वळली आणि पहिलं बोट ताठ करून मला दाखवलं.

मी स्टिअरिंग त्याच्याकडं वळवलं. पत्र्याला पत्रा घासला. आरसा तुटून उडाला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. चार वर्षांत एवढं सुख मला कशातच झालं नव्हतं. मी पुन्हा वळवणार, तेवढ्यात माझ्या डोक्यात मागून काहीतरी आदळलं. मग परत. तिसऱ्या वेळी कानावर. स्टीलचा डबा होता. बायको तो दोन्ही हातांनी मारत होती.

डोक्यातलं रक्त ओघळून डोळ्यात आलं. पाय सुटला. गाडी रस्त्याखाली गेली, सोयाबीन तुडवत वीस-पंचवीस पावलांवर थांबली. जीप निघून गेली होती.

लेक दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. रडत नव्हती. दात वाजत होते तिचे. अंगावर वरण सांडलं होतं.

बायकोनं तिला उतरवलं, हाताला धरून रस्त्यावर आणलं. मी मागं गेलो.

"लागलं का गं?"

"तिला बोलू नका," बायको म्हणाली. "त्यो मरूंदे, तुमी मरा, मला काय करायचं न्हाय. ही दोघं कशाला?"

"अगं, त्यानं बोट..."

"लाल गाडी घिऊन घरी आलात, तर मी हिला तिच्या सासरी नीऊन घालते. बाळंतपण तितंच हुईल. सांगा मग गावाला, का ते."

रिक्षा थांबली. दोघी बसून परत दवाखान्यात गेल्या. मला चला म्हणाल्या नाहीत. लेकीला आणि पोटातल्याला काही झालं नाही, हे मला तासाभरानं जावयाच्या फोनवरून कळलं. तोही नीट बोलला नाही.

मी लाल गाडी घेऊन चाचांकडं गेलो. चाचांनी तुटलेला आरसा पाहिला, खरवडलेला पत्रा पाहिला, मग माझी रक्तानं भिजलेली कॉलर.

"गाडी कशी वाटली?"

"फुटलीय जरा."

"आन् डोकं?"

"त्येबी."

त्यांनी पाण्याची बाटली दिली. मी तोंड धुतलं. मला काही सुबुद्धी झाली नव्हती. आत अजून उकळत होतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी नाही म्हटल्यावर गाव काय काय विचारील, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. आणि वरण सांडलेली ती लेकही.

"करडीचं बोला," मी म्हणालो.

चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला. मी हात मागं घेतला. "न्हाय चाचा, तोंडानं बोलू. माजं बोट..."

"हात दे रे."

रुमालाखाली त्यांनी माझा हात धरला. आधी ते ताठ बोट हळूच बाजूला सारलं, आणि म्हणाले, "ह्ये म्या मोजत न्हाय."

चार वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. तरी सौदा तो सौदा. ते बोट मोजत नाहीत म्हटल्यावर मी ते नेमकं अडचणीच्या वेळी मधे घालायला लागलो. दाबलं की नाही, त्यांना कळेना. शेवटी त्यांनी रुमाल झटकला. "मास्तरची गाडी फुकटात नेतोस की रे, हरामी!" लाल गाडीच्या आरशा-पत्र्याचा खर्च मात्र त्यांनी वर लावला.

लेकीला मुलगी झाली. करड्या गाडीतूनच नेलं. मी सगळ्या गतिरोधकांवर गाडी जवळजवळ बंद करत होतो, मागून एसटीवाले शिव्या देत होते, मी एकालाही उलट बोललो नाही.

इथं थांबलो असतो तर बरं दिसलं असतं.

पाचव्या दिवशी दवाखान्यातून सोडलं. पुढं मी एकटा. मागं लेक, बायको आणि तिच्या मांडीवर बाळ. डिकी गच्च भरली होती. वाटेत एका हॉटेलवर लेकीला गरम पाणी हवं म्हणून थांबलो. समोर काळी जीप उभी होती. उजव्या अंगाला लांब लाल ओरखडा, त्यानं तो तसाच ठेवला होता. तो बाहेर आला, दात कोरत.

मी उतरलो. डिकी उघडली. पिकअपमधून मी या गाडीत आणलेली टॉमी बायकोनं डिकीत सगळ्यात खाली टाकली होती, ते मला ठाऊक होतं. मी सामान काढायला लागलो. आधी बादली. मग डिंकाच्या लाडवांचा डबा. मग बाळाची दुपटी, एकावर एक रचलेली. मग टोपडी-लंगोटांची पिशवी. सगळं मातीत ठेवत होतो. तो उभा राहून बघत होता.

"काय शेठ, दुकान मांडलं व्हय?"

हॉटेलात दोघं-तिघं हसले. माझा हात टॉमीपर्यंत पोचला. लोखंड थंड होतं. चार बोटांनी मूठ आवळली, पाचवं तसंच ताठ. एवढ्या जवळून चुकलं नसतं. कवटीचा आवाज कसा येईल, तेही मला ठाऊक होतं, शेळीच्या डोक्याचा ऐकलेला होता.

तेवढ्यात बारीक घरघर ऐकू आली. मी डिकीच्या झाकणाआडून मागच्या दारापाशी आलो. बायको काच वर करत होती. ओरडली नाही, नको म्हणाली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. बाळाचं तोंड छातीशी धरून एका हातानं बटण दाबत होती. काच वर गेली. तीत मला मी दिसलो. एका हातात टॉमी, दुसऱ्या हातात पिवळं दुपटं, तोंड उघडं.

मी टॉमी खाली टाकली. दुपटं झटकलं, माती काढली. एकेक करून सगळं परत भरलं. दुपटी, पिशवी, डबा, बादली. त्याला वेळ लागला. तो आणखी काहीतरी बोलला, लोक पुन्हा हसले, मग त्याची जीप गेली. काय बोलला ते मला आजही पाठ आहे. इथं लिहिणार नाही.

गाडीत बसलो. लेकीनं विचारलं, "पाणी आणलं का, पप्पा?"

मी पुन्हा उतरलो आणि पाणी आणलं. बायकोनं ते घ्यायला काच खाली केली, पेला आत घेतला, आणि परत वर केली. ढोकीपर्यंत ती काच तशीच होती.