थोराच्या चिकटपट्ट्या

सेल्मर ब्रेकेने धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळला. ट्रक काट्यावर चढवून शेतकरी खुशाल कॉफी प्यायला जात, मागे वळून आकडाही बघत नसत. म्हणूनच नॉर्थ डकोटातल्या त्या गावात कुणी मृत्युपत्र करायला बसलं, की व्यवस्थापक म्हणून सेल्मरचंच नाव घाली. अशी नऊ मयतांची मालमत्ता त्याने निस्तरली होती. एकदा तर तीन भाऊ एका शेळीवरून वर्षभर भांडले आणि तेवढ्यात शेळीच मेली. पण ते असो.

दहावी थोरा नेस. जमीन तिने हयातीतच मुलगा ड्वेन आणि मुलगी वर्ना यांना वाटून दिली होती. राहिलं घरातलं सामान. तिकडच्या म्हाताऱ्यांची रीत अशी, की वस्तूच्या पोटाखाली चिकटपट्टी लावायची आणि ज्याला द्यायची त्याचं नाव त्यावर लिहायचं. थोराने सगळ्या घराला पट्ट्या लावल्या होत्या.

अंत्यविधीनंतर चर्चच्या बायका रिवाजाप्रमाणे घर घासायला आल्या. त्यांच्यात सेल्मरची बायको आर्डिस. बाकीच्यांनी फरशा पुसल्या. आर्डिस चष्मा काढून, व्हिनेगरची बादली घेऊन कपाटाखाली शिरली. चिकट लागेल ते तिने खरवडलं. रात्री नवऱ्याला म्हणाली, "थोरा स्वच्छ होती हो, पण खालून किती घाण!"

ती घाण नव्हे, नावं होती, हे सेल्मरने तिला सांगितलं. पण बायकोची चर्चभर बदनामी होईल म्हणून बाहेर कुणाला बोलला नाही. तिथेच चुकला.

ड्वेनने नाताळात भांड्यांच्या कपाटाखाली आपलं नाव पाहिलं होतं. आता पट्टीच नाही म्हटल्यावर त्याने कोर्टात अर्ज केला: ह्या माणसाने वर्नाची बाजू घेऊन पट्ट्या काढल्या, ह्याला हटवा.

कोर्टात अर्धं गाव हजर. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "पट्ट्या कुणी काढल्या?"

सेल्मर टोपी चुरगाळत उभा. "मी नाही."

"मग कुणी?"

तो टोपीच्या आत बघू लागला. ड्वेन ओरडला, "काका, काट्यावरही असंच करायचा का?"

ह्या वाक्यावर मागच्या बाकावरून आर्डिस उठली. "त्याला काय विचारतोस? मी काढल्या! तुझ्या आईच्या कपाटाला बोट लावलं तर बोटच सुटेना. नावं होती हे मला घरी गेल्यावर कळलं."

"आणि हे महाशय गप्प का होते?" बाईंनी विचारलं.

"पस्तीस वर्षं माझ्या हातचं जेवतोय, साहेब. काय बोलणार?"

कोर्ट हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की सही नसलेल्या पट्टीला कायद्यात तसाही अर्थ नाही. सेल्मरला ताकीद देऊन त्याचं काम कायम ठेवलं, आणि भावाबहिणीने पाळीपाळीने एकेक वस्तू उचलावी असा हुकूम दिला.

शनिवारी थोराच्या घरी पहिली पाळी कुणाची हे ठरवायला सेल्मरने नाणं काढलं, पण उडवलं नाही. ड्वेनच्या हातात दिलं. "तूच उडव."

ड्वेनने उडवलं आणि हरला. वर्नाने सरळ कपाट मागितलं.

ड्वेनने नाणं सेल्मरला परत दिलं आणि कपाटाशी गेला. मग बाह्या सरसावून म्हणाला, "काका, तुम्ही वरची बाजू धरा. खालची जड असते."