तारीख येईपर्यंत थांब

प्रिय मैत्री आणि रोहन,

तुमचे बाबा अमेरिकेला निघाले त्या सकाळी जवाहरनगरच्या आमच्या कारखान्याच्या क्वार्टरसमोर टॅक्सी उभी होती आणि ते दारातच घुटमळत होते. आजोबा म्हणाले, "काहून थांबला बे? विमान तुयासाठी थांबून राहिन का?" सगळे हसले. मी मात्र बजावलं, "परत यायची घाई करू नको." मी इंग्रजीची शिक्षिका, माझा मुलगा तिकडेच शोभेल, असा मला गर्व होता.

मग ग्रीन कार्डाची, म्हणजे तिकडे कायम राहण्याच्या परवान्याची, रांग लागली; आपल्या अर्जाची तारीख येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं. दर निवडणुकीत तिकडचे पुढारी कायदा बदलू म्हणतात. निवडणूक होते, रांग हलत नाही. आजोबा गेले तेव्हा बाबा आले नाहीत, कारण बाहेर पडल्यावर व्हिसाचा शिक्का पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. "तारीख येईपर्यंत थांब," हेही मीच सांगितलं. अंत्यविधी त्यांनी फोनवर पाहिला.

मैत्री, गेल्या महिन्यात तुझ्या शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरला. कुणाला लागलं नाही. तुम्ही मुलं अंधारात दप्तरांच्या खोलीत बसलात. "आजी, मी शिंकसुद्धा दाबली," हे तू किती अभिमानाने सांगितलंस! नंतर मी तिथली भाषणं ऐकली. एकाने प्रार्थना केली. दुसरा म्हणाला, शिक्षकांना बंदुका द्या. तिसऱ्याने बाहेरून आलेल्यांना दोष दिला, म्हणजे तुम्हाला.

आजोबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. गेटवर रोज झडती व्हायची. एकदा खिशात काडेपेटी राहिली म्हणून पहारेकऱ्याने त्यांना घरी पाठवलं. दिवसभर चिडले, रात्री जेवताना म्हणाले, "बरोबरच केलं त्यानं. अंदर माणसं असतात." तुमच्या पुढाऱ्यांना एवढं कळत नसेल, असं मला वाटत नाही.

परवा मी बाबांना म्हटलं, "परत या सगळे." ते म्हणाले, "आई, तूच तर थांब म्हणत होतीस. आता अर्ज सोडला तर इतकी वर्षं वाया गेली ना." शेवटी म्हणाले, "बघतो." ते 'बघतो' मी त्यांच्या लहानपणापासून ओळखते.

तरी काल, आता मी राहते त्या तुमसरच्या शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिका माझी जुनी विद्यार्थिनी. "बाई, अमेरिकेची पोरगी इथं रमल का?" तिने विचारलं. माहीत नाही, म्हटलं.

क्वार्टर सुटलं, आजोबा नाहीत. घर म्हणजे काय, असं आज तुम्ही विचारलंत तर माझ्याकडे एवढंच आहे: चौथीत एक जागा आहे, पहिलीत एक. मुख्याध्यापिका जूनपर्यंत तुमच्यासाठी ठेवते म्हणाली.

तुमची आजी