एकवीस दिवसांचं छत

मिस्त्रींना कामावर 'नाही' म्हणायला कुणाची भीती नव्हती. भिंत सूतभर जरी बाहेर गेली तरी ते सख्ख्या भावाच्या घराचीही पाडायला लावत आणि मग दोन महिने भावाचे टोमणे ऐकत. पण थापी धुऊन पिशवीत गेली की या माणसाच्या तोंडाला कुलूप. घरात बायको बोले, ख्रिस्ती देवळात पाळक बोलत, आणि मुलीचं लग्न झाल्यापासून व्याही बोलत.

व्याही म्हणजे हेडमास्तर. शाळेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस दिसला की त्याला बाकावर उभं करावं असा त्यांचा आवाज अजून तसाच होता. एका रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी मिस्त्रींना देवळाच्या पायरीवरच गाठलं.

"मिस्त्री, तुमचं नाव घातलंय बरं का. पंधरा दिवस. परदेशात मिशनच्या शाळेची एक खोली पुरी करून द्यायचीय, प्रभूची सेवा म्हणून. आमच्यात सिमेंट कशाशी खातात हे कळणारं कुणी नाही."

मिस्त्रींचे गुडघे दुखत होते, आणि साठीला टेकलेल्या माणसाला विमानाची हौस नसते. पण लेकीला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. महिनाअखेर होकार कळवायचा होता, आणि सुनेनं बाहेरगावी राहून नोकरी करावी की नाही ते हेडमास्तर ठरवणार होते. "परत आल्यावर बघू," एवढंच ते म्हणाले होते. आता अशा माणसाला 'नाही' कसं म्हणायचं? मिस्त्री म्हणाले, "येतो की."

अकरा जण गेले. बँकेतले कॅशियर, दातांचे डॉक्टर, एक नर्सबाई, बाकीचे तरुण संघातले. उतरल्या उतरल्या हेडमास्तरांनी सगळ्यांचे पासपोर्ट मागून घेतले, हरवायला नकोत म्हणून, आणि आपल्या काळ्या बॅगेत टाकून किल्ली खिशात ठेवली. पुरुषांच्या हॉलमध्ये आठ खाटा होत्या, खिडकीला गज होते, आणि संध्याकाळी सातला पहारेकरी फाटक लावून घेई. दारावर वेळापत्रक डकवलेलं होतं. तिथल्या व्यवस्थापकाशी इंग्रजीत बोलू शकणारे डॉक्टर आणि हेडमास्तर, पण हेडमास्तर असताना डॉक्टर कशाला बोलतील? मिस्त्रींना वाटलं, आपल्याला पुन्हा तिसरीच्या वर्गात आणून बसवलंय.

खोलीच्या चारही भिंती आधीच उभ्या होत्या. मिस्त्रींनी खिशातून भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा काढून दोन कोपऱ्यांना लावून पाहिला आणि मान डोलावली. ज्याचं हे काम होतं तो गवंडी रस्त्याच्या पलीकडे पालथ्या बादलीवर बसला होता. पाहुणे सेवा करायला आलेत, तेव्हा पंधरा दिवस तू हात लावू नकोस, असं त्याला सांगण्यात आलं होतं. म्हणून तो रोज येऊन नुसता बघत बसे. आणि बघण्यासारखं होतंही. कॅशियर घमेलं असं धरत की जणू आत कुणाचं बाळ झोपलंय. डॉक्टरांनी वाळूत पाणी इतकं ओतलं की मिस्त्रींना ते मिश्रण गुपचूप बाजूला सारून नवं कालवावं लागलं. पलीकडचा गवंडी हसला. मिस्त्रीही हसले. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती, पण तेवढ्यात ओळख झाली.

छताचा स्लॅब दुसऱ्या दिवशी ओतायचा होता. सळया उशिरा आल्या आणि तो ओतला गेला सहाव्या दिवशी. मिस्त्रींनी जीव ओतून काम केलं. सळयांच्या गाठी स्वतः तपासल्या, खालच्या फळ्यांना आधार देणारे लाकडी टेकू एकेक हलवून पाहिले, सगळे मिळून चोवीस. वेळापत्रक नीट वाचलं ते नंतर. तेराव्या दिवशी समर्पणविधी. खोलीत मुलांना बसवून प्रार्थना आणि फोटो. चौदाव्या दिवशी परत.

एवढ्या रुंद खोलीचे टेकू एकवीस दिवस हलवायचे नसतात. सहावा आणि एकवीस म्हणजे सत्ताविसावा. हे गणित तिसरीतल्या पोराला जमेल, पण हेडमास्तरांना सांगायचं कुणी?

दहाव्या दिवशी जेवताना मिस्त्रींनी घसा साफ केला. "हेडमास्तर, ते टेकू... एकवीस दिवस ठेवावे लागतील."

"फोटोत लाकडांचं जंगल दिसेल की हो!" हेडमास्तर सगळ्यांकडे बघत म्हणाले. "देवळाच्या मंडळीला पुरी झालेली खोली दाखवायचा शब्द दिलाय आपण. आणि ऊन बघा इथलं. केव्हाच वाळलंय ते."

सगळे हसले. वाळतं ते धुणं, सिमेंट मुरावं लागतं, हे उत्तर मिस्त्रींना सुचलं, पण हात धुताना. त्यांची चांगली उत्तरं नेहमी नळापाशीच सुचत.

सकाळी हेडमास्तरांनी त्यांना बाजूला घेतलं. "मिस्त्री, चारचौघांत असं बोलू नये. स्लॅबवर आपण हात ठेवून प्रार्थना केलीय. थोडा भरवसा ठेवा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "परत गेल्यावर सूनबाईंच्या नोकरीचं बोलायचंय आपल्याला. माझ्या मनात तसं हो म्हणायचंच आहे."

दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, तिकडे काही झालंय का? हे सांगत होते, मामंजी नाराज आहेत."

"काही नाही गं."

"बाबा, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. त्यांना दुखवू नका. मला इथून बाहेर पडायचंय हो." शेवटचं वाक्य ती इतक्या हळू बोलली की मागे कुणीतरी असणार.

तो आणि पुढचा असे दोन दिवस मिस्त्री मूग गिळून भिंती रंगवत राहिले. रंगवता रंगवता वर बघायचे. फाटक बंद, पासपोर्ट बॅगेत, आणि इकडे लेक, तिकडे ते छत. माणसाला कात्रीत धरतात म्हणजे काय हे त्यांना आता कळलं. त्यांना रडू येत होतं, आणि साठीच्या माणसाला रंगाच्या डब्यापाशी रडता येत नाही. पलीकडचा गवंडी बादलीवरून उठून उभा राहिला होता. तो आधी टेकूंकडे बोट दाखवे, मग मिस्त्रींकडे बघे.

तेराव्या दिवशी सकाळी सव्वीस मुलं धुतलेल्या गणवेशात बाहेर रांगेत उभी होती. हेडमास्तरांनी कोट घातला होता. दोन तरुण हातोडे घेऊन आत गेले आणि दाराजवळचे टेकू पाडू लागले. एक पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला वरून थोडी पांढरी भुकटी खाली आली, चिमूटभर. ती मिस्त्रींच्या बाहीवर पडली. बाकी कुणाचं लक्षही गेलं नाही.

मिस्त्रींनी पोरांच्या हातातले हातोडे काढून घेतले, त्यांना बाहेर पाठवलं आणि खोलीच्या मध्यभागी फरशीवर बसले.

"मिस्त्री, बाहेर या," दारातून हेडमास्तर म्हणाले. "मुलं उन्हात उभी आहेत."

"तुम्हीच आत या, व्याहीबुवा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"पोरखेळ नाही. इथं माझ्याशेजारी बसा. आपण दोघं बसलो की पोरांना सांगतो, खुशाल काढा सगळे टेकू. मग मुलांना आणू." मिस्त्रींनी शेजारची फरशी थोपटली. "चाळीस वर्षं सिमेंटात हात घातलेत मी. ते किती दिवसांत मुरतं हे मला देवानंच शिकवलं असेल ना? की ते उगाच शिकवलं?"

सगळी मंडळी दाराशी गोळा झाली होती. हेडमास्तरांनी एक पाय उंबऱ्यावर ठेवला. त्यांनी वर छताकडे पाहिलं. तो पाय तिथेच राहिला.

मग नर्सबाईंनी पहिल्या मुलीचा हात धरला आणि सगळी रांग झाडाखाली सावलीत नेली. प्रार्थना तिथेच झाली. फोटोत खोली मागे आहे, दारातून टेकू दिसतात, आणि हेडमास्तर कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

त्याच दुपारी मिस्त्री रस्ता ओलांडून त्या गवंड्याकडे गेले. पाडलेले तीन टेकू दोघांनी मिळून पुन्हा ठोकून बसवले. मग मिस्त्री दोरीला गाठी मारू लागले, दिवसाला एक, म्हणजे टेकू केव्हा काढायचे ते त्याला कळावं. गवंडी खो खो हसला. त्याने दोन्ही पंजे दाखवले, मग आणखी चार बोटं. चौदा. त्याला सगळं ठाऊक होतं, फक्त विचारलं कुणी नव्हतं. मिस्त्री ओशाळले. त्यांनी आपला जुना ओळंबा काढून त्याच्या हातात ठेवला.

विमानतळावर हेडमास्तरांनी मिस्त्रींचा पासपोर्ट कॅशियरच्या हाती पाठवला. देवळात आता ते दुसऱ्या दाराने येतात.

दोन आठवड्यांनी नर्सबाईंच्या फोनवर तिकडून फोटो आला. टेकू निघाले होते. सव्वीस मुलं छताखाली बसलेली, आणि मागे तो गवंडी ओळंबा उंच धरून उभा. मिस्त्री तो फोटो मागून घेऊन लेकीच्या घरी गेले. सासरे आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. लेक स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. महिनाअखेर होऊन चार दिवस झाले होते, आणि दवाखान्याला होकार गेलाच नव्हता.

तिने फोटो बराच वेळ पाहिला.

"छत राहिलं ना बाबा?"

"राहिलं गं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला लागली. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघराचं छत चांगलं भक्कम होतं. त्यांनीच बांधलं होतं.