अप्पुक्कुट्टन माशांचा बंद पडलेला प्रोग्राम

अप्पुक्कुट्टन माश, म्हणजे आमचे मास्तर, शाळेत मल्याळम शिकवतात, आणि मार्चमध्ये निवृत्त होणार आहेत. जाण्याआधी मुलांनी लिहिलेल्या गोष्टींचा अंक स्वतः संगणकावर जुळवून छापायचा, असं त्यांनी सगळ्या स्टाफरूमसमोर जाहीर केलं होतं. मुख्याध्यापिका सुहरा टीचर हो म्हणाल्या, पण अट घालून: संगणक ज्या शब्दाखाली लाल रेघ मारेल, तो शब्द छापायचा नाही. शुक्रवारपर्यंत झालं नाही तर अंक गावातल्या प्रेसकडे. आता प्रेसवाला मुलांच्या तोंडचं ‘इज्ज’ म्हणजे तू, ‘ओन’ म्हणजे तो, हे सगळं पुस्तकी करून टाकणार, हे माशांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी मुलांचा एकेक एरनाडी, म्हणजे आमच्या भागातल्या बोलीतला शब्द संगणकाच्या शब्दकोशात भरून ठेवला. रेघा गेल्या. अट पाळली गेली, शब्दही राहिले.

आणि सोमवारी लेखनाचा प्रोग्राम उघडता उघडताच मिटायला लागला.

शाळेतले संगणक माझ्याकडे. मी म्हटलं, सरका, बघतो. माश सरकले नाहीत. मुलांना कॉपी करू नका म्हणत जन्म गेला, आता शेवटच्या वर्षी मी तुझी कॉपी करू होय, म्हणाले. लिनक्सवर प्रोग्राम काढायची आणि परत घालायची आज्ञा तेवढी माझ्याकडून लिहून घेतली.

काढण्याआधी यंत्र इंग्रजीत विचारतं, खरंच काढू का? उत्तर एका अक्षराचं, वाय. माशांनी कीबोर्ड मल्याळमवर नेला आणि आदराने टंकलं, ‘उव्व’. आमच्याकडे मोठ्या माणसाला ‘होय जी’ म्हणावं तसं. यंत्राने काम रद्द केलं. माशांना वाटलं, फत्ते. परत घालायला गेले तर यंत्र म्हणालं, आहेच की. माश त्याच्यावर संतापले. मी हसू दाबायला खिडकीपाशी गेलो.

वाय दाबल्यावर प्रोग्राम खरोखर निघाला, परत बसला, आणि उघडता उघडता पुन्हा मिटला. माशांनी काढला, घातला. परत काढला, परत घातला. मधल्या सुट्टीतला सुलेमानी चहा निवून गेला. सुहरा टीचर दारातून म्हणाल्या, “माश, हा तर जावई झाला. निरोप दिला की जेवायला हजर.”

माश हसले नाहीत. पडद्याकडे बोट करून त्यांनी मला विचारलं, “भाडेकरू गेला, नवा आला. तरी खोड जुनीच. म्हणजे जुन्याचं सामान कुठंतरी राहिलंय. कुठं?”

आता मला सांगणं भाग होतं. प्रोग्रामच्या सवयी प्रोग्रामजवळ राहत नाहीत. त्या आपल्याच खात्यात असतात, नावाआधी टिंब लावलेल्या फोल्डरमध्ये. टिंबामुळे ते दिसत नाही. त्या खात्याच्या जागेला यंत्र घर म्हणतं.

“म्हणजे बिघाड माझ्याच घरात,” माश म्हणाले, “आणि शिव्या खातोय प्रोग्राम.”

फोल्डर पुसू नका, नुसतं नाव बदला, हे सांगायला मी तोंड उघडलं तोवर माशांनी ते पुसून कचरापेटीही रिकामी केली होती. झाडायचं तर कोपऱ्यासकट, हा त्यांचा बाणा. प्रोग्राम उघडला. छान, नव्यासारखा. आणि अंक उघडल्यावर पानोपानी लाल रेघाच रेघा. शिकवलेले शब्द त्याच फोल्डरात होते.

मी हळूच म्हटलं, प्रेसवाला तसा वाईट माणूस नाही. माशांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची ओढून मागे बसलो.

“शिबिल, आठवीच्या ब वर्गाला मी समास किती वेळा शिकवतो?”

“दरवर्षी.”

“हं. हे यंत्र निदान बाकाखाली लपत नाही.”

त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. ‘इज्ज’वर उजवं बटण, शब्दकोशात घाल. ‘ओन’, घाल. मी मदत करू का म्हणून विचारलं, तर मला खडू आणायला पिटाळलं. रिकामा तास आला की माश संगणकापुढे. शाळा सुटली तरी तिथेच.

शुक्रवारी सुहरा टीचर आल्या आणि उभ्या उभ्याच पानं खाली सरकवू लागल्या. एका गोष्टीत आजी नातवाला “इज्ज बेळ्ळं कुडिच्चो?” म्हणते, पाणी प्यायलास का म्हणून. तिथे त्या थांबल्या, आणि आपल्या घरी असंच बोलतात, एवढंच म्हणाल्या. मुलांच्या पानांवर एकही रेघ नव्हती. शेवटी माशांचं संपादकीय आलं आणि तिथे एका शब्दाखाली लाल रेघ. अस्सल शुद्धलेखनाची चूक. स्वतःचं लेखन तपासायची गरज माशांना कधी वाटलीच नव्हती.

माशांनी चष्मा पुसला, शब्द नीट केला आणि कोणाकडेही न बघता मला म्हणाले, “प्रिंटरला कागद लाव.”