करप्याचं आडनाव

आमची आत्या बत्तीस वर्षं लाँड्रीत इस्त्रीवर होती. हात सराईत आणि जीभ त्याहून तेज. कामावरच्या प्रत्येकाला तिने टोपणनाव देऊन ठेवलं होतं आणि ती नावं कशी पडली ते ती आम्हाला रंगवून सांगायची. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ‘करप्या’ का म्हणतात, एवढं मात्र तिने कधी सांगितलं नाही.

तो अनाथाश्रमात वाढलेला. कागदावर नुसतं नाव, आडनावाच्या जागी रेघ. तिशीत लाँड्रीत लागला आणि खाली मान घालून काम करायचा. एका दुपारी तो चहाला गेला. आत्याची इस्त्री तापत नव्हती, म्हणून तिने त्याच्या टेबलावर जाऊन त्याची इस्त्री चालू केली, दोन शर्ट उरकले आणि धुलाईवालीशी बोलायला वळली. इस्त्री टेकलेली राहिली ती गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या लोकरी कोटावर.

धूर बघून मुकादम ओरडत आला. "कोणाचं टेबल हे?"

नेमका तेव्हाच तो दारातून आत आला. आत्याच्या तोंडातून निघून गेलं, "या, या, करप्याराव!"

सगळे खो खो हसले. तोही हसला. इस्त्री बंद करायची आपणच विसरलो, असं त्याला वाटलं.

त्या दिवसापासून चांगले कपडे त्याच्याकडे येणं बंद झालं. नुसत्या चादरी आणि उशांचे अभ्रे, तेही अकरा वर्षं. आत्या रोज त्याच्या शेजारी उभी. उद्या सांगते, उद्या सांगते म्हणत आठवडा गेला, वर्ष गेलं, आणि मग कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढे तो लग्नाची नोंद करायला गेला. आडनावाचा रकाना रिकामा चालणार नाही, असं कारकून म्हणाला. याने लिहिलं, करपे. दाखला घेऊन तो आधी आत्याकडे आला.

"ताई, लोक मला नावं ठेवत आले. तुम्ही नाव ठेवलंत."

पाणी आणायच्या निमित्ताने आत्या आत आली आणि माठाशी नुसती उभी राहिली. मी ओट्याशी भाजी चिरत होते. "काय गं, बरं वाटत नाही का?" मी विचारलं. तिने पेला भरला आणि बाहेर गेली.

त्याची मुलगी कॉलेजात गेली, तेव्हा आडनावं कुठून आली यावर वर्गात लिहून न्यायचं होतं. कोणाचं गावावरून आलेलं, कोणाचं धंद्यावरून, कोणाचं पणजोबांच्या हुद्द्यावरून. ही वही घेऊन आमच्याकडे हजर.

"आजी, आमचं तुमच्यापासून सुरू होतं म्हणे. मग अर्थ काय त्याचा?"

आत्या म्हणाली, "वही मिट. आधी तुझ्या बाबांना सांगते." आणि तशीच चपला घालून निघाली. मीही गेले.

त्याच्या घरी ती बसलीसुद्धा नाही. "तो कोट मी जाळला. तू चहाला गेला होतास. तुझी इस्त्री मी चालू केली होती."

बायको आतून आली, दोघांचे चेहरे बघून परत गेली.

"चादरींचं काही नाही हो, ताई," तो शेवटी म्हणाला. "पण माझा माझ्यावरचा भरवसाच गेला. अजून घरातून निघताना गॅस तीनदा बघतो. मुलं हसतात."

"नाव बदलून घे. मी येते कचेरीत, काय लागेल ते लिहून देते."

"पोरीच्या सगळ्या कागदांवर तेच आहे. आता हेच आमचं." एवढं बोलून तो उठला. आम्हाला पोचवायला दारापर्यंत मात्र आला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या म्हाताऱ्या मुकादमाकडे गेली. त्याला ऐकू कमी येई, म्हणून तिने तीनदा मोठ्याने सांगितलं. "कोट?" तो म्हणाला. "कुठला कोट?"

दोन महिन्यांनी करप्या घरी आला. पाणी प्यायला, मुलीच्या निकालाचं सांगितलं, आत्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. कोटाचा विषय कोणीच काढला नाही. तो गेल्यावर आत्या म्हणाली, "माफ केलं, असं काही म्हणाला नाही."

"मग विचारायचंस ना."

"मी? मी कशी विचारू?"