वाढलेला पगार कुणाला सांगायचा

आमच्या घरात पगार वाढला की आधी खिडक्या लावायच्या, मग बोलायचं. हसू नका, बहरीनमध्ये राहणाऱ्या कुठल्याही कोकणी माणसाला विचारा. गावाला कळलं की संपलं. चुलतदिराच्या मुलीचं लग्न, मशिदीचा पत्रा, जाऊबाईंचा फ्रिज, सगळं आठवड्याभरात दारात. म्हणून ह्यांचा पगार किती ते गावाला कधी कळलं नाही. खरं सांगू? मलाही नाही. घरखर्चाला हातात पडतात तेवढेच दिनार मला ठाऊक.

लेक ह्याच घरात वाढली. लग्न होऊन इंग्लंडला गेली. जावई गोदामात कामाला, ती एका पाळणाघरात अर्धा दिवस, पदरात दोन पोरं. अशा कमी कमाईच्या घराला तिथलं सरकार दर महिन्याला हातभार लावायचं. टॅक्स क्रेडिट म्हणायचे त्याला. आता म्हणे ते बंद होऊन दुसरंच काही आलंय, पण मी त्याआधीचं सांगतेय. इथे पगारावर टॅक्स नाही, तर त्याचं क्रेडिट आम्हाला काय कळणार? मला आपलं वाटायचं, बक्षीस आहे.

मग लेक पूर्ण दिवसाची झाली, वर एका वर्गाची प्रमुख. पगार चांगलाच वाढला. आणि तिने काय केलं, तर माहेरी शिकली तेच. कुणाला सांगितलं नाही. सासूला नाही, मैत्रिणींना नाही, आणि त्या टॅक्स क्रेडिटवाल्यांनाही नाही! वर्षाअखेरी विचारतील तेव्हा सांगू, म्हणाली. ते बिचारे तिच्या जुन्या कमाईवर हिशोब धरून पैसे पाठवत राहिले. वर्ष संपलं, खरा पगार कळला, आणि त्यांनी कळवलं की तुम्हाला जास्त गेलेत, आता पुढच्या पैशातून कापून घेऊ.

शुक्रवारी हे जुम्म्याची नमाज पढून आले, मी ताटं घेतेय, तर तिचा फोन. तिकडे अजून सकाळच, चहाच्या सुट्टीत पाळणाघराच्या आवारात उभी होती. पोरं मागे ओरडत होती.

"अम्मी, पगार वाढला म्हणून मिळणारे कमी झाले, आणि वर जुने पण कापतायत. फुल डे करते, अँड देअर इज लेस इन माय हँड! मी सोमवारी मॅनेजरला सांगणार, मला परत अर्धा दिवस द्या."

"अगं, वर्गाची प्रमुख झालीस ना? ते सोडणार?"

"व्हॉट्स द पॉइंट, अम्मी?"

"आणि ईदला येणार होतात ते?"

"ईद मफी, अम्मी." मफी म्हणजे नाही. एवढं अरबी ती आमच्या इथल्या बुसैतीनच्या गल्लीतच शिकली होती.

फोन ठेवला आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. पहिल्याच नंबरला भिशी उचलली की नंतर भरत बसावं लागतं, तसलंच हे, एवढं मला कळलं. पण त्यासाठी हातचं काम सोडायचं? ईद हुकली तर हुकली, पुढल्या वर्षी येईल. ती खुर्ची पुढल्या वर्षी कोण देणार? शनिवारी मी ओटा पुसला, परत पुसला. कालवणात मीठ घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं. विमानतळ जवळ, आमच्या छपरावरून विमानं जातात. प्रत्येक विमानाला खिडकीशी जाऊन बघत होते, जशी काही तीच उतरणार आहे.

शेवटी ह्यांच्यावरच घसरले. "तुमच्या शिकवणीने झालंय हे."

"मी काय इंग्लंडच्या सरकारपासून लपव म्हणालो होतो?"

"गावापासून लपव म्हणालात. पोरीला काय कळतं गाव कुठे संपतं ते!"

ह्यांनी टोपी घातली, बाहेर गेले, आले. रविवारी, इथे तो कामाचाच दिवस, दुपारी कामावरून आले आणि कपडे न बदलताच तिला फोन लावला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. मी स्वयंपाकघरात, हातात डाव.

"बेटा, मी स्टोअरचा इन्चार्ज झालो ना, तेव्हा ओव्हरटाइम बंद झाला. इन्चार्जला ओव्हरटाइम नसतो. वर्षभर आधीपेक्षा कमी घरी आणत होतो."

"रिअली, अब्बा? तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणालाच बोललो नाही. रोज वाटायचं, जाऊन सांगावं, यल्ला, चला, मला परत शिफ्टवर टाका."

"मग?"

"नाही सांगितलं. पुढच्या वर्षी इन्क्रिमेंट मिळाली ती इन्चार्जच्या पगारावर. तुझी फी त्यातून गेली. तुझं ते कापणं एक दिवस खलास होईल, काम राहील. त्यांच्या ऑफिसला फोन कर, थोडं थोडं कापा म्हण."

आणि मग त्यांनी आपला पगार सांगितला. तेव्हाचा, आणि आत्ताचाही. स्पीकरवर, खिडकी उघडी!

मी तशीच उभी. मला ते वर्ष आठवलं. शुक्रवारी दोस्तांबरोबर मनामाला जेवायला जायचे ते ह्यांनी एकाएकी बंद केलं होतं. डॉक्टरने तेलकट नको सांगितलंय, म्हणाले. आणि मी बया वर्षभर त्यांना उकडलेला दुधी घालत होते.

सोमवारी मी फोन पदरातच बांधून फिरत होते म्हणा ना. दुपार टळल्यावर मेसेज आला. 'त्यांना फोन केला. थोडे थोडे कापतील. मॅनेजरला काही सांगितलं नाही.'

त्या ईदला ती आली नाही. पोरांसाठी आणलेले कपडे कपाटात राहिले, पुढल्या ईदपर्यंत पोरं वाढणार हे ठाऊक असूनही. दोघंच जेवायला बसलो. मी ह्यांच्या ताटात तळलेल्या सुरमईचे तुकडे वाढत गेले.

"अगं बस, डॉक्टर काय म्हणेल?"

"गप खा," मी म्हटलं.

वरून विमान गेलं. दोघांनीही घास हातात धरून वर पाहिलं.