कपाटातला सरकारी फोन

सरकारने दिलेला फोन मी आईच्या जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. वर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला रबर. आठवड्यातून एकदा काढायचा, चार्ज करायचा, परत ओढणीत. आमच्या पाचूबंदरच्या खाऱ्या हवेत लोखंडी बिजागरी टिकत नाही, तिथे फोन काय टिकणार? आणि बिघडला तर दुरुस्ती आमच्या मानधनातून, असं वाटपाच्या दिवशीच बजावलं होतं. नाकापेक्षा मोती जड, पण नाकारायची सोय नव्हती. आम्ही अंगणवाडीच्या बाया, मिळेल ते सही करून घेतो.

तसा तो चालतही नव्हता. पोरांची माहिती भरायचं अ‍ॅप उघडलं की फोन तव्यासारखा तापायचा. पडद्यावर एक गोल फिरत राहायचा आणि तो थांबेपर्यंत माझी खिचडी खाली लागायची. मग काय करणार? सगळ्याच सेविका करत होत्या तेच मी केलं. माहिती घरच्या फोनवर भरायला लागले. घरचा फोन म्हणजे माझ्या लेकीचा, कोपऱ्यात तडकलेला. कॉलेजातून ती आली की तासभर माझा. "आई, आटप ना, मला प्रोजेक्ट पाठवायचंय," म्हणत ती डोक्यावर उभी राहायची.

वह्या तर वरूनच बंद केल्या होत्या. आता सगळं फोनमध्ये, कागद वाचवा. म्हणून मी वजनं कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहायची, पान कमरेला खोचायची आणि घरी येऊन फोनमध्ये उतरवायची.

आमच्या आळीत एक अडीच वर्षांची मुलगी आहे. आई मासळी विकायला पहाटे निघते, पोर आजीकडे. एका महिन्यात मी तिला काट्याला टांगलं तर आठ किलो आठशे. त्याआधीच्या महिन्यात नऊ चारशे होती. मी तिथल्या तिथे आईला म्हटलं, "अगं, उतरलंय, हिच्याकडे बघ जरा." पानावरही बरोबर लिहिलं. पण संध्याकाळी लेक घाई करत होती आणि पान घामाने भिजून गिचमिड झालं होतं. अ‍ॅपमध्ये तिच्या नावापुढे मागचा आकडा आधीच दिसत होता, तोच दाबून मी पुढे गेले. नऊ चारशे. तिच्यानंतर अजून बरीच पोरं भरायची होती.

आकडा चांगला, त्यामुळे जादा आहाराच्या यादीत तिचं नाव आलं नाही. मीही विसरले. हे लिहिताना लाज वाटते, पण विसरले.

पुढच्या महिन्यात ती तापाने फणफणली. मी आणि तिची आई रिक्षाने सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण बाईंनी वजन केलं, आठ किलो सहाशे. "गेल्या महिन्यात किती होतं?" मी मागून आणलेला लेकीचा फोन काढून दाखवला. "नऊ चारशे? मग एका महिन्यात एवढं उतरलं?" त्या बुचकळ्यात पडल्या. तेव्हा पोरीची आई म्हणाली, "नाय वो बाय, मागच्या येलेलाच उतरलेलं. या बाईनीच मना सांगितलेलं, तवा मी दुकानातशी दूध आनलेलं." ज्या बाईला सही सोडून लिहिता येत नाही, तिच्या लक्षात होतं. माझ्या हातातला फोन चुकत होता आणि तो मीच चुकवला होता. परतीच्या रिक्षात तिने पोरीचं डोकं माझ्या मांडीवर दिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात तालुक्याला आमची बैठक होती. आम्हाला सरकारी फोन घेऊन बोलावलं होतं, तपासणीसाठी; भरलेलं दाखवायला लागलं तर म्हणून घरचे फोनही पिशवीत होते. पर्यवेक्षिका मॅडम एकेक फोन उलटसुलट करून बघत होत्या आणि खूश होत होत्या. एकावरही ओरखडा नाही, माहितीही सगळ्यांची पूर्ण! आता मदतनिसांसाठी आणि नव्या अंगणवाड्यांसाठी हेच फोन घ्यायचं वर ठरतंय, म्हणाल्या. फक्त आमचे अभिप्राय जोडायचे आहेत. छापील कागद फिरला. 'फोन सुस्थितीत आहे, काम समाधानकारक होते.' खाली सही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी. मोडेल म्हणून आम्ही फोन झाकून ठेवले, आणि ते झाकलेपणच फोन चालतात याचा दाखला झालं. त्या दाखल्यावर आता अजून पेट्या भरून फोन येणार. पैसा कुणाचा? ती मासळीवाली काडेपेटी घेते, साबण घेते, तेव्हा कर भरून तीही त्यात भर घालतेच.

मी उभी राहिले. "मॅडम, मी सही करणार नाही. हा फोन चालत नाही."

"अहो, नव्यासारखा आहे की!"

"वापरला नाही म्हणून नवा आहे."

शेजारच्या सेविकेने माझा पदर ओढला. "बस गो खाली. आमचं पन मानधन अडकवशील."

"मग माहिती कुठून येते?" मॅडमनी विचारलं.

मी लेकीचा तडकलेला फोन टेबलावर ठेवला. मग पदर ओढणारीनेच पिशवीत हात घातला आणि नवऱ्याचा फोन काढून माझ्या फोनशेजारी ठेवला. मागचं झाकण निघू नये म्हणून त्याला रबर लावलेलं होतं. मागून एकीने मुलाचा आणला, एकीने सुनेचा. टेबलाच्या एका बाजूला सरकारचे चकचकीत फोन आणि दुसऱ्या बाजूला आमच्या घरचे फुटके.

"पुढच्या महिन्यापासून मी फक्त सरकारी फोनवर भरणार," मी म्हटलं. "जेवढं भरलं जाईल तेवढं. वजनं वहीत. मानधन अडकलं तर अडकू दे." आणि बिनसहीचा अभिप्राय मॅडमच्या हातात परत दिला.

तेव्हापासून फोन ओढणीतून बाहेर आहे. पहिल्या महिन्यात माझी निम्मीही पोरं भरली गेली नाहीत. दोनदा नोटीस आली, दोन्हींना मी उत्तर दिलं. परवा मॅडम स्वतः बंदरात आल्या. ती मुलगी काट्याला लटकली होती, पाय झाडत होती. मॅडमनी माझ्या सरकारी फोनवर तिचं नाव शोधलं आणि गोल फिरायला लागला. एवढ्यात तिची आई बाजारातून आली, टोपली उतरवत म्हणाली, "किती झालं गो?"

"थांबा, येतंय," मॅडम फोनकडे बघत म्हणाल्या.

"नऊ शंभर," मी वहीतून सांगितलं. आईने पोरीला काट्यावरून उतरवून घेतलं. मॅडमनी फोन खाली ठेवला, माझी वही ओढली आणि आकड्यापुढे आपली सही केली.

नवी खरेदी थांबली की नाही, मला कुणी कळवलेलं नाही. माझी सही तिच्यात नाही, एवढं मला ठाऊक आहे. फोनमध्ये तो नऊ चारशे अजून तसाच आहे, मागचा महिना दुरुस्त होत नाही म्हणतात. वही विकत आणली त्या दिवशी पहिल्या ओळीत मी त्या मुलीचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं: आठ किलो आठशे, चुकीचा आकडा मी भरला. आणि सही केली.